दारावरचा दिवा

दार कुठे काढावं हे माझ्या धाकट्या जावेला बरोबर कळतं, असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. अकरा वर्षं मीही तिथे दारंच काढते आहे. माझ्याबद्दल असं कोणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते जळून सांगते आहे, हे आधीच कबूल करते. वाचणाऱ्याने हवं तर धूर बाजूला सारून वाचावं.

आमची कंपनी कॉम्प्युटरवरचे गोळीबाराचे खेळ बनवते. खेळणाऱ्याला पडद्यावर स्वतःचे दोन हात आणि त्यातली बंदूक तेवढी दिसते, बाकी सगळं जग समोर. आमच्या खेळातलं जग म्हणजे खाणकामाचं एक अवाढव्य अंतराळयान, ज्यातली यंत्रं माणसांवर उलटली आहेत. यंत्रं दिसतात कशी ते चित्रकार ठरवतात, चालतात कशी ते प्रोग्रामर. आणि खोल्या, बोळ, जिने, दारं, लपायला आडोसे, शत्रू कोणत्या कोपऱ्यातून निघणार, हे सगळं आम्ही ठरवतो. याला लेव्हल डिझाइन म्हणतात. सासूबाईंना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे नसलेल्या घराचं बांधकाम." त्या दिवसापासून घरात माझा हुद्दा गवंडी.

धाकटीला असलं काही नाव पडलं नाही. ती घरात आली तेव्हा धाकटी होती आणि ऑफिसात आली तेव्हाही धाकटीच राहिली, कारण मीच तिला तशी हाक मारत होते आणि ती हाक सगळ्यांनी उचलली. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. चार बहिणींतली तिसरी, वडील शाळेत शिपाई. बारावी झाली, सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत जाऊन बसली. तिथे तिची नऊ वर्षं गेली. बोलणं कमी, हसताना तोंडावर हात, आणि वाढलेलं सगळं गार झाल्याशिवाय ती जेवायची नाही, कारण खिडकीतल्या नोकरीत गरम डबा कधी मिळालाच नव्हता.

त्या खिडकीतून दिवसाला तीन-चारशे माणसं विचारून जायची. एक्स-रे कुठे, रक्त कुठे घेतात, आयसीयू कुठे. ती सांगायची, उजवीकडे वळा, मग जिना. माणसं मान हलवायची, उजवीकडे हा शब्द तोंडाने परत म्हणायची आणि डावीकडे जायची. दुसरी एखादी असती तर वैतागली असती. ही काचेतून बघत बसायची, कोण कुठे वळतंय आणि का. नऊ वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. मग हॉस्पिटलने दारात दोन पडदे बसवले, बोट लावलं की रस्ता दाखवणारे, आणि खिडकी बंद झाली.

तेव्हा माझे दीर आमच्याकडे आले. आमची दोन्ही घरं एकाच जिन्यावर समोरासमोर, सासूबाई दोन्हीकडे राहतात, म्हणजे जिकडे करमेल तिकडे. दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे हिला काही बघा ना. घरात बसून राहिली की नुसती खिडकीतून रस्ता बघते." मला मोठेपणा आवडतो, खोटं कशाला बोलू. मी शब्द टाकला आणि तिला टेस्टर म्हणून लावून घेतलं. टेस्टरचं काम म्हणजे एकच खोली दोनशे वेळा खेळायची आणि कुठे काय बिघडलं ते लिहायचं. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "थोरली मनाची मोठी आहे हो." हे वाक्य मी वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण मला पुढे रोज आठवायची. खरं तर धाकटीने हातपाय कधी पसरलेच नाहीत. खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी तिने खुर्ची अगदी खालपर्यंत उतरवली आणि ती तशीच ठेवली. पसरलं ते तिचं नाव.

त्याचं असं झालं. आम्ही लेव्हल आधी नुसत्या करड्या ठोकळ्यांची बांधतो. रंग नाही, गंज नाही, तारा नाहीत, फक्त भिंती आणि दारं. मग बाहेरच्या माणसाला बोलावून ती खेळायला देतो आणि बनवणाऱ्याने मागे खुर्ची टाकून बघत बसायचं. तोंड उघडायचं नाही, हा आमच्या प्रमुखाचा कायदा. प्रमुखाला आम्ही मुकादम म्हणतो, कारण तो चालतानाही पावलं मोजतो. जो बोलेल त्याने आठवडाभर सगळ्यांचे कप विसळायचे. मी आयुष्यात पुष्कळ कप विसळले आहेत. समोरचा माणूस माझ्या डोळ्यांदेखत दार सोडून भिंतीवर डोकं आपटत असेल तर मला गप्प बसवत नाही.

माझ्या तिसऱ्या लेव्हलवर धाकटीने टेस्टरच्या रकान्यात एकच ओळ लिहिली, "खेळणारे डावीकडे जातात." मी म्हटलं, उजव्या दारावर एवढा मोठा दिवा लावलाय, डावीकडे जातील कशाला? त्या दुपारी दहा माणसं खेळली आणि सात डावीकडे गेली. मुकादमने तिला विचारलं, "का गं?"

ती म्हणाली, "डावीकडची भिंत जवळ आहे. घाबरलेलं माणूस भिंतीच्या कडेकडेने जातं."

मुकादमने डावी भिंत चार पावलं मागे सरकवली. पुढची दहाच्या दहा माणसं उजवीकडे गेली. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं, तिने तोंडावर हात ठेवला आणि माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

वर्षाच्या आत ती आमच्या टीममध्ये आली, माझ्याच शेजारच्या टेबलावर. मुकादम म्हणाला, "तुमची जाऊ, तुम्हीच शिकवा." मी शिकवलं. पहिल्या दिवशी सांगितलं, "हे बघ, दार दाखवायचं असेल तर दारावर दिवा लाव. माणूस उजेडाकडे जातं. बाकी सगळं नंतर." तिने ते वहीत लिहून घेतलं, वर तारीख घालून. मला बरं वाटलं होतं.

ऑफिसातलं ऑफिसात राहिलं असतं तरी मी सहन केलं असतं. एका रविवारी सासूबाईंनी हट्टच धरला, तुम्ही दोघी करता काय ते मला दाखवा. मी लॅपटॉप काढला, त्यांच्या हातात माऊस दिला आणि माझी पाचवी लेव्हल लावली. दोन मिनिटांत त्यांनी चष्मा काढला. "यात मला गरगरतं बाई." मग धाकटीची सहावी लावली. त्या बाईने सगळा बोळ ओलांडला, जिना उतरली, एका यंत्राला चुकून गोळीही घातली आणि वर म्हणाली, "हे कसं, आपल्या घरात फिरल्यासारखं." नवरा मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "अगं, तिची सोपी आहे, म्हणून." ती समजूत मला जास्त झोंबली.

आता नऊ नंबरची गोष्ट. खेळाची शेवटची लेव्हल म्हणजे आमच्या धंद्यातला मान. खेळ संपवून माणूस उठतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तीच असते. आधीच्या दोन खेळांची शेवटची लेव्हल मुकादमने स्वतः केली होती. या वेळी त्याची मान धरली होती, डॉक्टरने स्क्रीन कमी करायला सांगितली होती, आणि तो म्हणाला, मी करणार नाही. अकरा वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. त्याचं पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच मी मनात यानाच्या भट्टीचा घुमट बांधायला घेतला होता.

पुढचं वाक्य होतं, "दोघी करा. टेस्टला जी पार पडेल ती ठेवू."

प्रसंग असा होता की यान फुटायला चार मिनिटं आहेत आणि खेळणाऱ्याने भट्टीपासून सुटकेच्या होडीपर्यंत पोचायचं आहे. रस्ता चुकला की मेला. दोघींना सहा आठवडे दिले. मी साठ मीटर उंच घुमट बांधला, त्यात एकावर एक तीन पूल, आणि एकेचाळीस दिवे असे लावले की प्रत्येक दिवा पुढच्या दिव्याकडे बोट दाखवेल. चित्रकार येऊन बघून जायचे. धाकटीने काय बांधलं, तर एक ठेंगणा, वाकडातिकडा बोळ. छत इतकं खाली की बंदूक उचलली तर घासेल. मी म्हटलं, "अगं, शेवटची लेव्हल आहे, जरा हात सैल सोड की." ती म्हणाली, "बघते, ताई." आणि काही सोडला नाही. मला आतून गार वाटलं. म्हटलं, नऊ नंबर माझा.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पूर्वी दोघांनी एकच फाइल उघडून एकमेकांचं काम दोनदा पुसलं होतं, तेव्हापासून मुकादमने प्रत्येक लेव्हलचा एक लाकडी बिल्ला केला. बिल्ला ज्याच्या टेबलावर, फाइलला हात त्याचाच. माझा नऊ-अ, तिचा नऊ-ब. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावत नाही. एवढं आम्ही पाळतो.

टेस्ट गुरुवारी तीन वाजता होती. बुधवारी संध्याकाळी मी मुकादमला तिच्या स्क्रीनपाशी उभा पाहिला. तो पंधरा मिनिटं उभा होता. माझ्यापाशी तो चार मिनिटं थांबला होता आणि "छान दिसतंय" म्हणाला होता. दिसतंय. रात्रभर तो एक शब्द मला चावत राहिला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. मी डोकं दुखतं म्हणाले. हॉल रिकामा झाल्यावर धाकटीच्या खुर्चीत जाऊन बसले. गुडघे पोटाशी आले, म्हणून खुर्ची वर केली. नऊ-ब तिच्या कीबोर्डवरच होता, तो उचलून बाजूला ठेवला. तिच्या बोळाच्या शेवटी एक फाटा होता. उजवं दार होडीकडे, डावं दार एका कोठाराकडे, जिथून परतायला वाट नाही. उजव्या दारावर एक पिवळा दिवा होता. सगळ्या लेव्हलमधला एकुलता एक दिवा. मी तो धरला, ओढला आणि डाव्या दारावर नेऊन लावला. सेव्ह केलं. बिल्ला होता तिथे ठेवला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि गच्चीवर जाऊन मी दोन घास जास्तच जेवले.

तीन वाजता सहा माणसं आली. कंपनीशी संबंध नसलेली, एक दातांची डॉक्टर, एक टेम्पो चालवणारा, दोन कॉलेजातल्या मुली, एक निवृत्त मास्तर आणि एक विमा विकणारा. आधी माझी लेव्हल. डॉक्टर पार झाली. मास्तर घुमटात शिरले, मान वर करून बघत राहिले, "वा" म्हणाले आणि तिथेच मेले. टेम्पोवाला दुसऱ्या पुलावरून पहिल्या पुलावर आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर चढत-उतरत राहिला. विमावाल्याच्या वेळी मला राहवलं नाही, मी मागून म्हणाले, "अहो, समोर दिवा आहे की." मुकादमने न वळता बोट वर केलं. म्हणजे कप. एकूण सहांतले दोन पोचले. मनात म्हटलं, लोकच मंद आहेत. नाचता येईना त्याचं अंगण वाकडं, हे तेव्हाही कळत होतं.

पण मला घोर नव्हता. सहाच्या सहा आता कोठारात मरणार होते.

डॉक्टर बोळात शिरली. मागून यंत्रांचा आवाज, छत खाली, ती पळत सुटली. फाटा आला. डाव्या दारावर पिवळा दिवा ढणढणत होता. ती उजवीकडे गेली. एकदा कोणी चुकतं. मग टेम्पोवाला. उजवीकडे. मुली, दोघीही उजवीकडे. मास्तर एवढे उशिरा पोचले की घड्याळात सतरा सेकंद उरले होते, तेही उजवीकडे. विमावाला फाट्याच्या पुढे एका यंत्राच्या हातून मेला, पण मेला तो बरोबर रस्त्यावर. एकानेही मान वर केली नाही. दिव्याकडे सबंध खोलीत फक्त मी बघत होते.

मुकादमने खेळ थांबवून फाट्यावर परत नेला. "डावीकडे दिवा का?" त्याने विचारलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तो पिवळा दिवाच लागला होता. मी धाकटीकडे बघितलं नाही.

"असू दे तिथेच," ती म्हणाली.

"आणि माणसं उजवीकडे कशी जातात?"

तिने उठून पडद्यावर बोट ठेवलं. बोळाच्या मधोमध करड्या जमिनीवर किंचित गडद करडा पट्टा होता. मी तो सहा आठवडे बघत होते आणि मला वाटलं होतं, ठोकळे नीट जुळले नाहीत. पट्टा फाट्यावर उजवीकडे वळत होता. "हॉस्पिटलात वर बाण होते, पाट्या होत्या, रंगीत दिवे होते," ती म्हणाली. "घाबरलेलं माणूस वर बघत नाही. खाली बघतं. जिथे फरशी झिजलीय तिथून जातं. वाटतं, इथून माणसं गेलीत म्हणजे इथून जाता येत असेल. छत म्हणूनच खाली घेतलं, वर बघायची सोयच नको."

मुकादम सगळ्यांकडे वळून म्हणाला, "चुकीच्या दारावर दिवा लावून माणसं बरोबर दारातून काढली. याला म्हणतात काम. दिवा असाच राहणार." पोरं टाळ्या वाजवायला लागली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिची लेव्हल नुसती चांगली ठरली असती, ती थोर ठरली ती माझ्यामुळे. मीही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगते कोणाला.

पाच वाजता मी मोरीपाशी उभी राहून कप विसळत होते. अठरा कप होते. धाकटी फडकं घेऊन आली आणि शेजारी उभी राहून पुसायला लागली. नियमाप्रमाणे तिने यायचं कारण नव्हतं. तीन-चार कप तसेच झाले.

"ताई, खुर्ची उंच राहिली होती," ती म्हणाली.

मी नळ बंद केला नाही. पाण्याचा आवाज हवा होता मला. "कधी कळलं?"

"जेवून आले तेव्हाच. बसले तर पाय लोंबकळायला लागले. इथे एवढी उंच खुर्ची तुमचीच. मग फाइल उघडून पाहिली."

म्हणजे दोन वाजता. टेस्टला तासभर होता, आणि तो दिवा हलवायला मला अकरा सेकंदही लागले नव्हते.

"मग परत का नाही लावलास?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढा निघाला. "मुकादमला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? दिव्याने काही बिघडत नव्हतं." तिने कप उजेडात धरून पाहिला. "तो रस्ता दाखवायला नव्हताच, ताई. मला तिथे दिवा नकोच होता. पण तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, दारावर दिवा लाव म्हणून. माझ्या प्रत्येक लेव्हलमध्ये एक आहे. म्हटलं, तुम्ही बघाल तेव्हा तुम्हाला बरं वाटेल."

तिने दोन शब्द सुनावले असते, घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं असतं, निदान फडकं तरी आपटलं असतं, तर मी तिला दोन वाक्यं ऐकवून मोकळी झाले असते आणि आज हे सगळं लिहायची वेळ आली नसती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधून शोधून मी दमले. तिला खरंच राग आला नव्हता.

हातातला कप मी परत एकदा विसळला. तिने तो घेतला, पुसून फळीवर ठेवला आणि पुढच्यासाठी हात पुढे केला.